जाळीवरचा आळ

चाळणीताईला खऱ्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं आता उरली होती. एक तिची आई आणि दुसरा बँकेतला कारकून. बाकी प्रयोगशाळेत, जीपच्या ड्रायव्हरपासून थेट मॅडमपर्यंत, सगळ्यांना ती चाळणीताईच. आणि नाव ठेवणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. बाईचं अर्धं आयुष्य पाणी गाळण्यात गेलं होतं.

गोड्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचा अभ्यास करणारी ती प्रयोगशाळा होती. चाळणीताई तिथे लागली ती बाटल्या धुवायला. एकदा जाळी ओढणारा माणूस आजारी पडला, तेव्हा मॅडमनी तिला तळ्यावर नेलं आणि दोर तिच्या हातात दिला. तो तिने नंतर सोडलाच नाही. जाळी म्हणजे तलम कापडाची शंकूसारखी पिशवी, तोंडाशी लोखंडी कडं, शेपटाशी छोटीशी बरणी. ती पाण्यातून ओढायची, की पाणी कापडातून निघून जातं आणि त्यातले जीव बरणीत गोळा होतात. तिचा नवरा पहिल्यापासून म्हणायचा, "लोक उगाच म्हणतात चाळणीने पाणी भरता येत नाही. आमच्या हिला त्याचा पगार मिळतो."

बरणीतल्या सगळ्या जिवांत तिचा जीव जडला होता तो पाणपिसवांवर. मोहरीच्या दाण्याहून लहान, काचेसारख्या आरपार, पाण्यात टुणटुण उड्या मारणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं काळीज धडधडताना दिसतं, पोटातलं हिरवं शेवाळ दिसतं आणि पाठीवरच्या पोकळीत वळवळणारी पोरंही दिसतात. दिवस बरे असले की पाणपिसवांच्या सगळ्या लेकीच होतात आणि त्यांनाही लेकी होतात. नवऱ्याची गरजच पडत नाही. पाणी आटायला लागलं, थंडी पडली, खाणं संपलं, की मग नर जन्माला येतात आणि माद्यांच्या पाठीवर एक काळी टणक डबी तयार होते. तिच्यात अंडी. डबी तळाशी चिखलात बसते आणि अंडी वर्षानुवर्षं झोपून राहतात.

"म्हणजे वाईट दिवस आले की मगच नवरे लागतात," ती नवऱ्याला सांगायची.

"मग मी बराच काळ रिकामा बसणार," तो म्हणायचा.

नवऱ्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. काचेच्या टाक्या, हवेचे पंप, रंगीत खडे. माणूस बोलघेवडा, मनाने चांगला आणि कामात ढिला. चाळणीताईचं नेमकं उलटं. तिचा एक नियम होता आणि तो तिने साऱ्या प्रयोगशाळेला लावला होता. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायचं तर आधी बूट धुवायचे, दोर धुवायचा, जाळी गरम पाण्यातून काढायची आणि कडकडीत उन्हात वाळवायची. त्या काळ्या डब्या कशालाही चिकटतात. एका तळ्यातलं बी दुसऱ्या तळ्यात जाऊन पडलं तर कुठलं घराणं कुठलं हे मग देवालासुद्धा कळायचं नाही. जीपच्या मागे ती बादली आणि ब्रश घेऊन उभी राहायची आणि "पाय धुतल्याशिवाय कोणी आत बसणार नाही" म्हणायची. मॅडम भल्याभल्यांना एका नजरेत गप्प करणाऱ्या, पण त्याही निमूटपणे एक पाय वर करून उभ्या राहायच्या.

प्रयोगशाळेच्या गच्चीवर सदा सावली असायची. म्हणून जाळ्या ती घरी नेऊन आपल्या गॅलरीतल्या दोरीवर, धुण्याच्या शेजारी वाळत घालायची. नवऱ्याच्या शर्टांना जागा उरायची नाही. तो कुरकुर करायचा, आणि तिला ती ऐकूही यायची नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग थीसिसवालीने ते कोडं काढलं.

थीसिसवाली म्हणजे मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. बारीक चणीची, चहा प्यायला विसरणारी, दिवसभर डोळा भिंगाला लावून बसणारी. कुठल्या तळ्यात पाणपिसवांची कुठली घराणी राहतात हे ती शोधत होती. आईकडून लेकीकडे जशीच्या तशी जाणारी डीएनएची एक खूण असते. तिच्यावरून घराणं ओळखता येतं. दिसायला सगळ्या सारख्या, पण हाकेच्या अंतरावरच्या दोन डबक्यांतल्या पाणपिसवा हजारो वर्षं एकमेकींना भेटलेल्या नसतात, असं तिला दिसत होतं. प्रत्येक तळ्याचं बिऱ्हाड वेगळं. चाळणीताईला हे फार आवडलं होतं. आपण बारा गावचं पाणी गाळलं त्याचा असा नकाशा होतोय, याचा तिला मनातून अभिमान होता.

आणि मग एका सकाळी मुलगी कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. चाळणीताई चहा द्यायच्या निमित्ताने आत डोकावली.

"ताई, बसा," मॅडम म्हणाल्या. मॅडम कोणाला बसा म्हणाल्या की काहीतरी बिनसलेलं असायचं.

डोंगरापलीकडचं वरचं तळं आणि गावाला लागून असलेलं धरण, या दोन्हींत एकच घराणं सापडलं होतं. मधल्या एकाही तळ्यात त्याचा मागमूस नव्हता. एवढा डोंगर ओलांडून, मधली सगळी तळी सोडून, धरणातल्या पाणपिसवा वरच्या तळ्यात गेल्या कशा?

 दोन्ही तळ्यांच्या मधे जा-ये करणारं एकच होतं, आणि ते म्हणजे चाळणीताईची जाळी.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," थीसिसवाली घाईघाईने म्हणाली. "माझ्याच हातून. आपण परत नमुना घेऊ. कोऱ्या जाळीने."

कोरी जाळी आणली, पुडक्यातून तळ्यावरच उघडली. नवा दोर, नव्या बरण्या. निकाल आला तेव्हा चाळणीताईच्या तोंडचं पाणी पळालं. ते घराणं वरच्या तळ्यात खरोखरच नांदत होतं. म्हणजे बाटलीची चूक नव्हती. आता दोनच शक्यता उरल्या. ते मुळातच तिथलं होतं, नाहीतर मागे कधीतरी जाळीला चिकटून गेलं होतं आणि तिथे फोफावलं होतं. दुसरं खरं असेल तर मुलीचा तो सगळा नकाशा संशयाखाली येणार होता, कारण मग कुठल्या तळ्यातलं कोण मूळचं आणि कोण चाळणीताईने नेऊन सोडलेलं, हे कोण सांगणार? आणि वरचं ते शांत, निळं तळं, ज्याला माणसाचा हात लागला नव्हता म्हणून तर ते निवडलं होतं, ते तिनेच नासवलं असं होणार होतं. ती, जी मॅडमचे बूट घासायची!

"मी जाळी कधी ओली नेली नाही," ती म्हणाली. आवाज मात्र तिला स्वतःचाच वाटला नाही.

"कोणी म्हणतंय का तसं?" मॅडम म्हणाल्या. कोणी म्हणत नव्हतं खरं. हेच तर वाईट होतं.

घरी आली आणि गॅलरीतल्या दोरीवरची जाळी काढून मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याने विचारलं, काय झालं. तिने सगळं सांगितलं. एरवी हा माणूस मधेच चार विनोद करायचा. त्या संध्याकाळी तो ऐकत राहिला आणि मग उठून पंप नीट करायला लागला. पंप नीटच होता.

चाळणीताई पाणी गाळता गाळता माणसंही गाळायला शिकली होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिच्या लक्षात आलं.

"अहो, इकडे बघा."

"बघतोय की."

"पंपाकडे बघताय."

त्याने पाना खाली ठेवला. "चिडणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"माशांच्या पिल्लांना जिवंत खाणं लागतं," तो म्हणाला. "पाणपिसवांसारखं दुसरं काही नाही. बाजारात मिळतात त्या अर्ध्या मेलेल्या असतात. आणि धरण इथे पायाखाली. तू आंघोळीला गेलीस की मी... म्हणजे रोज नाही. कधीमधी."

"काय कधीमधी?"

"तुझी जाळी न्यायचो. इतकी मस्त जाळी आहे, एका फेरीत वाटीभर येतात. मग परत दोरीवर टाकायचो. मला वाटलं, वाळतच घातलीय, वाळेल."

 साऱ्या जगाचे पाय धुवायला लावणारी बाई, आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार. तिने मांडीवरची जाळी बाजूला ठेवली.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"दुकान काढल्यापासून," तो म्हणाला आणि बिचारा जमिनीकडे बघत उभा राहिला.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, भांडी आपटली, बोलली नाही. तिसऱ्या सकाळी तो दार अडवून उभा राहिला. "मॅडमना मी सांगतो," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"जाळी माझी आहे," ती म्हणाली, आणि गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाळणीताईला वाटलं, आता संपलं. हाताखालची मुलगी बुडाली, आपणही बुडालो, आणि वरचं तळंही. आपल्यासारखी कर्मदरिद्री आपणच.

"हे आज येऊन सांगितलंत ते बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे काय शोधायचं ते तरी कळलं." आणि थीसिसवालीला हाक मारली. "चिखल काढायचा. तळाचा. जमेल तितका खोल."

मुलीचा चेहरा एकदम उजळला. तळ्याच्या तळाशी चिखल थरावर थर बसत जातो. वर अलीकडचा, खाली जुना. काळ्या डब्या ज्या वर्षी पडल्या त्या वर्षीच्या थरात गाडल्या जातात. ते घराणं नुसतं वरच्या थरांत सापडलं तर नवं, म्हणजे जाळीने नेलेलं. खाली सापडलं तर जुनं. तळं आपली साक्ष आपणच देणार होतं.

वरच्या तळ्यावर गेले त्या दिवशी चाळणीताईने बूट धुऊन दिले, दोर धुऊन दिले, आणि ती जीपपाशीच थांबली.

"ताई, चला ना होडीत," मुलगी म्हणाली.

"मी हात लावणार नाही."

"अहो, नुसतं बसा."

"बाळा, मला त्या पाण्याजवळ बोलावू नकोस," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तिला असं मोकळ्या हाताने उभं राहिलेलं ड्रायव्हरने कधी पाहिलं नव्हतं. त्याला ते बघवेना. तो उगाच टायर तपासायला लागला.

लांब नळी तळात खुपसून त्यांनी चिखलाचा दांडा वर काढला आणि प्रयोगशाळेत आणून टेबलावर उभा चिरला. आत राखी, तपकिरी, परत राखी असे पट्टे होते. बऱ्याच खाली एक बोटभर जाडीची रेघ होती, काजळासारखी काळी.

"हे काय?" ड्रायव्हरने विचारलं. तोही बघायला आला होता.

"राख," मॅडम म्हणाल्या. "वरच्या डोंगरावर मोठा वणवा लागला होता ना, त्याची. त्या साली सगळी राख तळ्यात वाहून आली असणार."

चाळणीताई दारातच उभी होती. ती पहिल्यांदा टेबलाजवळ आली.

तो वणवा तिला पाठ होता. तिने पाहिला नव्हता, पण पाठ होता. आई दिवस भरलेली असताना डोंगर पेटला, खिडक्या बंद करून ओल्या चादरी टांगल्या होत्या, आणि त्या धुरातच ही जन्मली. लहानपणी ती हट्टाला पेटली की आई म्हणायची, "वणव्याच्या साली झालीय, आणखी कशी असणार!" ती काळी रेघ म्हणजे चाळणीताईचं जन्मसाल होतं. चिखलात तिच्या आयुष्याची पट्टीच आखून ठेवलेली. रेघेच्या वर ती, तिची शाळा, तिचं लग्न, नवऱ्याचं दुकान, तिची जाळी. आणि रेघेच्या खाली ती नव्हतीच.

"रेघेच्या खालच्यापण डब्या काढशील ना?" तिने मुलीला विचारलं.

"त्याच तर आधी काढणार," मुलगी म्हणाली.

मग वाट पाहणं आलं. सुईच्या टोकाने डब्या वेचायच्या, फोडायच्या, आतल्या झोपलेल्या अंड्यांतून ती आईकडची खूण काढायची, यंत्रात घालायची. चाळणीताईने तेवढ्या दिवसांत प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली धुतली, धुतलेली परत धुतली. घरी नवराही सुतासारखा सरळ झाला होता. शर्ट स्वतः वाळत घालत होता, दोरीच्या एका कडेला, चोरासारखा. एकदा तो म्हणाला, "तुझ्या पाणपिसवांचं बरोबर आहे. वाईट दिवस आले की नवरा लागतो." तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण तिला हसूही आलं, आणि ते तिने लपवलं नाही. तेव्हापासून त्यांची थट्टामस्करी पुन्हा सुरू झाली.

निकाल आला तेव्हा ती प्रयोगशाळेच्या मोरीत होती. नळ सोडलेला, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. थीसिसवाली दारात येऊन उभी राहिली. पळत आली असावी, कारण तिला आधी बोलताच येईना.

"ताई, रेघेच्या खाली पण तेच घराणं."

"खाली म्हणजे?"

"वणव्याच्या आधीचं. पार खालपर्यंत. जिथपर्यंत नळी गेली तिथपर्यंत तेच." ती एक पाऊल आत आली. "ताई, तुमच्या जन्माच्याही आधीपासून आहेत त्या तिथे."

चाळणीताईने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. साबणाचे हात डोळ्यांना लागले तशी आणखी रडली. मुलीने नळ बंद केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तीही रडायला लागली. तिचाही जीव इतके दिवस टांगणीलाच होता की. एवढं हायसं चाळणीताईला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. छातीवर धोंडा ठेवून वावरत होतो हे तो उतरल्यावर तिला कळलं.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "आणि धरण कधी बांधलं आठवतं का?" त्यांनी विचारलं.

"मी शाळेत होते तेव्हा," चाळणीताई नाक पुसत म्हणाली. "आम्हाला रांगेने बघायला नेलं होतं."

"मग झालं तर. धरण वरच्या तळ्याहून वयाने कितीतरी लहान. धरणातल्या वर गेल्या नाहीत. वरच्याच खाली आल्या असणार."

चाळणीताईने क्षणभर विचार केला. "म्हणजे वरचं तळं माहेर आणि धरण सासर?"

"तसंच." मॅडम हसल्या. हे तसं दुर्मीळच. "पोचवायला कोण आलं असेल तेवढं शोधायचं राहिलं. मला बदकांचा संशय आहे. ती थंडीत मधल्या डबक्यांत उतरत नाहीत, मोठं पाणीच बघतात." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि ताई, उद्यापासून जाळी घरी न्यायची नाही. ह्या वेळी नशिबाने वाचलो. गच्चीवरच्या झाडाची फांदी छाटून घेते, ऊन येईल."

"नाही नेणार," चाळणीताई म्हणाली. हा ठपका तिने आनंदाने घेतला, कारण हा खरा होता.

घरी आली तेव्हा नवरा दुकानाच्या दारातच उभा होता. तोंडावर पाचावर धारण बसल्यासारखा भाव. तिने त्याला तिथेच ताटकळत ठेवलं असतं, मनात तसं आलंही होतं, पण तिला राहवलं नाही. "सुटलो," ती म्हणाली. तो तिथल्या तिथे टाकीच्या कडेला टेकला. मग तिने पिशवीतून एक जुनी, ठिगळ लावलेली, प्रयोगशाळेने टाकून दिलेली जाळी काढून त्याच्या हातात दिली. "ही तुमची. धरणापलीकडे गेली तर गाठ माझ्याशी आहे."

थंडी पडली तेव्हा वरच्या तळ्याचा पुढचा नमुना घ्यायची वेळ आली. या वेळी ती नवऱ्यालाही घेऊन गेली. त्याला एवढं ऐकवलं होतं, तर ते तळं एकदा दाखवायलाच हवं होतं. काठावर त्याने न सांगता बूट काढले, ब्रश घेतला आणि बुटांचे तळ असे घासले की ड्रायव्हर म्हणाला, आता भोक पडेल.

तेवढ्यात धरणाच्या बाजूने बदकांचा थवा आला. डोंगरावरून वळला आणि पाणी उडवत धडाधड तळ्यात उतरला.

"बघ," नवरा म्हणाला. "सरळ उतरली. पाय न धुता. आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस."

"ती माझी जाळी चोरत नाहीत," चाळणीताई म्हणाली.

ती होडीत बसली. दोर हाताला गुंडाळला, कडं उचललं, आणि पुष्कळ दिवसांनी त्या पाण्यात जाळी सोडली.  जाळी वर आली. तिने बरणी सोडवली आणि उजेडात धरली. पाण्यात बारीक ठिपके टुणटुण उडत होते, आया आणि लेकी आणि लेकींच्या लेकी, जशा डोंगर पेटण्याआधी उडत होत्या.

तिने बरणी कपाळाला लावली, वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावून कपाळाला लावावा तशी.

"आहात ना सगळ्या?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मीच तुम्हाला आणलं."